दिलासा, शमन, निवारण : एका शब्दकुळाचा आढावा

मनुष्याच्या अडचणींना जशी स्वतःची भाषा असते, तशीच त्या अडचणी हलक्या करण्यासाठी चाललेल्या प्रयत्नांनाही असते. परंतु या दुसऱ्या भाषेकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या लोहमार्गाच्या आधाराने वाढलेल्या शहरांतील एखादा नोकरदार सकाळी वर्तमानपत्रात ‘प्रवाशांना दिलासा’ हा मथळा वाचतो, पालिकेच्या प्रभाग कार्यालयात ‘तक्रार निवारण कक्ष’ ही पाटी पाहतो, कारखान्याच्या फाटकापाशी ‘रिलीव्हर आला का’ ही पृच्छा ऐकतो आणि रात्री घरी परतल्यावर अंथरुणास खिळलेल्या आईला ‘आज काही फरक आहे का’ असे विचारतो. हे चारही शब्द एकाच हेतूने उच्चारले जातात, आणि तरीही त्या प्रत्येकाने दिलेले आश्वासन निराळे असते.

संकट समूळ दूर करणे, ते काही अंशी हलके करणे आणि संकटग्रस्ताचे मन सावरणे ही तीन भिन्न कर्मे होत. इंग्रजीत त्यांना भिन्न शब्द आहेत, मराठीतही आहेत. किंबहुना आपल्या जुन्या दफ्तरी भाषेने हे भेद फार काटेकोरपणे जपले होते. अलीकडच्या सार्वजनिक लेखनात मात्र ते झपाट्याने पुसले जात आहेत, आणि त्यामुळे आपल्याला काय मिळाले व काय मिळावयाचे राहिले, याचा हिशेब नागरिकाच्या हाती उरत नाही. प्रस्तुत लेखात या शब्दकुळाचा आढावा घ्यावयाचा तो याच चिंतेपोटी.

आरंभ इंग्रजीपासून करणे सोयीचे आहे, कारण गेली दोनशे वर्षे आपल्या कचेऱ्या, न्यायालये आणि रेल्वे यांची मूळ कागदपत्रे बहुतांशी त्या भाषेत लिहिली गेली. त्या भाषेतील ‘रिलीव्ह’ आणि ‘अलीव्हिएट’ ही दोन क्रियापदे ‘हलका’ या अर्थाच्या एका लॅटिन शब्दापासून निघालेली असून दोहोंच्या मुळाशी ओझे उचलण्याची कल्पना आहे. ‘मिटिगेट’च्या मुळाशी मऊपणा आहे, म्हणून शिक्षेची तीव्रता किंवा आपत्तीचा तडाखा सौम्य करण्याच्या संदर्भात तो शब्द रूढ झाला. ‘अस्वेज’च्या मुळाशी गोडी आहे व तो शोकाच्या किंवा भुकेच्या संदर्भात येतो, ‘अमेलिओरेट’ म्हणजे स्थिती पूर्वीपेक्षा बरी करणे, ‘अबेट’ म्हणजे जोर खाली आणणे. ‘पॅलिएट’ हा शब्द अंगावर घ्यावयाच्या वस्त्राच्या लॅटिन नावावरून आला. आपण ‘पांघरूण घालणे’ हा वाक्प्रचार दोष झाकण्याच्या अर्थी वापरतो, तर वैद्यकात त्याच प्रतिमेला रोग बरा न होताही रोग्याची वेदना झाकून धरण्याचा सात्त्विक अर्थ प्राप्त झाला. या सर्वांपलीकडे ‘रेमेडी’ आणि ‘रिड्रेस’ हे दोन शब्द उभे आहेत. पहिल्यात बरे करण्याचा आणि दुसऱ्यात वाकडे झालेले सरळ करण्याचा अर्थ आहे. म्हणून वेदना ‘अलीव्हिएट’ होते आणि अन्याय ‘रिड्रेस’ होतो. अन्याय केवळ हलका करून भागत नाही, हा नीतिविचार त्या शब्दयोजनेतच अंतर्भूत आहे.

मराठीकडे वळताच तीन थर दृष्टीस पडतात. संस्कृतातून आलेले निवारण, निराकरण, परिहार, निरसन, शमन, उपशम आणि सांत्वन हे शब्द शास्त्रग्रंथांतून व पुराणिकांच्या मुखातून घरोघर पोचले. फारसी-अरबीतून राज्यकारभाराच्या द्वारे आलेले दिलासा, दाद, माफी, सवलत, मुभा, इलाज, आराम आणि तगाई हे शब्द इतके अंगवळणी पडले की त्यांचे परकेपण आज कोणास जाणवतही नाही. तिसरा थर घरगुती बोलीचा असून तो सर्वांत संपन्न आहे. कारण तेथे प्रत्येक दुःखाची जाण्याची रीत निराळी मानलेली असते. ताप उतरतो, सूज ओसरते, ठणका बसतो, राग निवळतो, शंका फिटते, ऋण फिटते, पेच सुटतो, कोंडी फुटते, दुःख हलके होते आणि औषधाचा गुण येतो. या वाक्यांत दुखणे स्वतःच कर्ता असते, आणि ते खरोखर गेले किंवा नाही याची साक्ष भोगणारा देतो. ‘समस्येचे निवारण करण्यात आले आहे’ या कचेरीच्या वाक्यात मात्र भोगणाऱ्याला स्थानच नसते. निवारण झाले किंवा कसे, हे निवारण करणाराच ठरवून मोकळा होतो.

या शब्दांचा शास्त्रोक्त संग्रह करण्याचे प्रयत्न आपल्याकडे पुष्कळ झाले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ नारायण हणमंते यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी दफ्तरी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले. पुढे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आणि त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. मोल्सवर्थने आरंभिलेला व कँडीने पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि एकेका इंग्रजी शब्दापुढे मराठी प्रतिशब्दांची लांबच लांब माळ देण्याची त्याची पद्धत पाहिली म्हणजे अर्थच्छटांविषयीची त्या काळची दक्षता ध्यानी येते. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेबरोबरच १९६० मध्ये भाषा संचालनालय अस्तित्वात आले, १९६४ चा राजभाषा अधिनियम झाला, आणि शासनव्यवहार, न्यायव्यवहार व निरनिराळी शास्त्रे यांचे परिभाषाकोश तयार होऊ लागले. परिभाषाकोशाची निकड अशी की एका इंग्रजी संज्ञेस एक मराठी संज्ञा मुकर्रर करावी लागते. कायद्याच्या दृष्टीने ते अपरिहार्य आहे. परंतु कोशातील संज्ञा जेव्हा पाटीवर, पत्रकात आणि मथळ्यात येऊन बसते, तेव्हा तिच्या शेजारचे अन्य शब्द विस्मृतीत जाऊ लागतात. ‘निवारण’ हा शब्द असाच सर्वभक्षक झाला आहे.

वस्तुतः संकटनिवारणाची नेमकी भाषा कशी असावी, याचा उत्तम वस्तुपाठ आपल्या महसुली दफ्तरात सापडतो. पीक बुडाले असता सरकार जे करी त्यास एकच नाव नव्हते. साऱ्याची वसुली पुढील हंगामावर ढकलली तर ती ‘तहकुबी’, सारा कायमचा सोडला तर ती ‘माफी’, त्याचा काही भाग सोडला तर ती ‘सूट’ आणि बी-बियाणे वा बैल यांसाठी रक्कम उसनी दिली तर ती ‘तगाई’. तगाई हा शब्द बळ देणे या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला असून तिची परतफेड करावीच लागे. गावातील निरक्षर कुणब्यासही तहकुबी आणि माफी यांतील अंतर पूर्णपणे ठाऊक असे, कारण पुढील वर्षी आपल्या दारी तलाठी किती मागावयास येणार, हे त्या एका शब्दावर अवलंबून होते. १८७९ च्या दक्षिणी शेतकऱ्यांच्या कायद्याच्या इंग्रजी नावात ‘रिलीफ’ हा शब्द असला, तरी त्यातील तरतुदी मोघम नव्हत्या. १८७५ च्या सावकारविरोधी दंग्यांनंतर पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी झालेल्या त्या कायद्याने कर्जरोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा पूर्वेतिहास तपासण्याचा, हप्ते बांधून देण्याचा आणि ऋणकोस कर्जापायी कैदेत न टाकण्याचा मार्ग न्यायालयांस दाखविला.

१८९६-९७ च्या दुष्काळात या नेमक्या भाषेचे मोल ठाणे जिल्ह्यानेही अनुभविले. दुष्काळासंबंधीचे सरकारी नियम इंग्रजीत होते. लोकमान्य टिळक आणि पुण्याची सार्वजनिक सभा यांनी त्यांचा आशय मराठीत आणून लोकांत पसरविला, आणि सभेच्या प्रतिनिधींनी ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत सभा घेऊन साऱ्याची सूट वा तहकुबी मागण्याचा रयतेचा अधिकार समजावून सांगितला. सरकारने त्या प्रचारकांवर खटले भरण्यापर्यंत मजल नेली. नियमातील एखादा शब्द लोकांस कळल्याने राज्यकर्त्यांस इतकी अस्वस्थता वाटावी, यावरून त्या शब्दाचे सामर्थ्य ओळखावे.

ही परंपरा अगदीच लोपली असे नाही. टंचाईसदृश परिस्थिती जाहीर झाली म्हणजे राज्य शासनाचा जो आदेश निघतो, त्यात जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कात माफी, रोजगार हमीच्या कामांच्या निकषांत शिथिलता, आवश्यक तेथे पाण्याचे टँकर आणि थकबाकीदार कृषिपंपाची वीजजोडणी खंडित न करणे अशा आठ सवलती क्रमाने येतात. येथे सूट, पुनर्गठन, स्थगिती, माफी व शिथिलता हे पाच शब्द पाच वेगवेगळ्या गोष्टी सांगतात आणि एकाची जागा दुसऱ्यास घेता येत नाही. कृषिपंपाचे चालू बिल कमी होईल, पण मागील थकबाकी कायम राहील. कर्ज फिटणार नाही, त्याचे हप्ते नव्याने बांधले जातील. हा आदेश वाचणाऱ्या शेतकऱ्याची निराशा होईल, पण फसवणूक होणार नाही.

शहरातील आपत्तीच्या वेळी असाच एक महत्त्वाचा भेद समोर येतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी उल्हास नदीच्या पुराने कल्याण, बदलापूर आणि परिसरातील सखल वस्त्या बुडविल्या. पाणी ओसरल्यावर तलाठ्यांनी घरोघर जाऊन पंचनामे केले. अशा प्रसंगीच्या मदतीत कपडे आणि भांडीकुंडी यांच्या नुकसानीची स्वतंत्र बाब असते, आणि घर किती काळ पाण्याखाली होते यावर तिची पात्रता ठरते. ही रक्कम बहुधा ‘सानुग्रह’ म्हणून दिली जाते. सानुग्रह म्हणजे कृपापूर्वक. ती ‘भरपाई’ नव्हे. भरपाईत झालेल्या हानीइतके परत मिळण्याचा हक्क गृहीत असतो, सानुग्रह मदतीत नसतो. वर्तमानपत्रांनी या दोहोंस सरसकट ‘नुकसानभरपाई’ म्हटले, की भिजलेल्या संसारापुढे उभी असलेली गृहिणी आपल्या हानीची बेरीज करून तितक्या रकमेची वाट पाहू लागते, आणि हाती अल्प रक्कम पडल्यावर आपणांस कोणीतरी लुबाडले अशी तिची समजूत होते. या क्लेशाचा काही भाग तरी योग्य शब्दाने टळला असता.

न्यायालयाच्या क्षेत्रात इंग्रजी ‘रिलीफ’चा अर्थ फिर्यादीने न्यायासनाकडे मागितलेली गोष्ट असा आहे, आणि त्यासाठी मराठीत ‘दाद’ हा अत्यंत समर्पक शब्द पूर्वापार चालत आला आहे. दाद म्हणजे न्याय. ती मागावी लागते, ती लागते किंवा लागत नाही, आणि कोणी कोणास दाद देत नाही अशी तक्रारही करता येते. तथापि अलीकडे वृत्तलेखनात तिची जागा ‘दिलासा’ने घेतली आहे. कल्याण-डोंबिवलीतील ६५ अनधिकृत इमारतींचे प्रकरण या दृष्टीने चिंतनीय आहे. बनावट बांधकाम परवानग्यांच्या आधारे स्थावर संपदा प्राधिकरणाकडे नोंदविल्या गेलेल्या या इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला, आणि आयुष्याची पुंजी घालून व बँकेचे कर्ज काढून तेथे घर घेतलेली कुटुंबे हवालदिल झाली. अशा प्रकरणी कारवाईस काही दिवसांची स्थगिती मिळाली तरी ‘रहिवाशांना दिलासा’ असा मथळा सजतो. त्या कुटुंबांच्या मनास क्षणभर उसंत मिळते हे खरेच, आणि तिला कोणी हीन लेखू नये. परंतु स्थगिती म्हणजे केवळ तहकुबी होय, माफी नव्हे. तिची मुदत, तिच्या अटी आणि त्यानंतर काय, हे मथळ्याखालच्या पहिल्याच वाक्यात आले पाहिजे. उसंत मिळालेल्या दिवसांत वकील गाठावयाचा, कागद जमवावयाचे, बँकेशी बोलावयाचे असते. निर्धास्त झालेला मनुष्य ते करीत नाही.

माफी हा शब्द मात्र अद्याप आपल्या अर्थास जागून आहे. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना पथकर माफ झाला, तेव्हा मुलुंडच्या आनंदनगर नाक्यावरून नित्य जा-ये करणाऱ्या ठाणेकराने ‘टोलमाफी’ हा शब्द वापरला आणि वस्तुस्थिती तशीच होती. जड वाहनांना ती नाही, हेही सर्वांस तत्काळ समजले. याउलट मालमत्ता कराच्या थकबाकीसाठी पालिका ज्या ‘अभय योजना’ काढतात, त्यांत बहुधा दंड आणि व्याज यांचाच भाग सोडलेला असतो, मूळ कर नव्हे. अभय हा शब्द भव्य आहे, पण काय सुटले आणि काय उरले ते तो सांगत नाही.

वैद्यकात हा विचार आपल्याकडे फार प्राचीन काळापासून सूक्ष्मतेने झालेला आहे. आयुर्वेदाने चिकित्सेचे शोधन आणि शमन असे दोन प्रकार मानले: दोष शरीराबाहेर काढणे हे शोधन, आणि दोष बाहेर न काढता त्यांचा प्रकोप शांत करणे हे शमन. येथे शमन हीन मानलेले नाही. रोगी दुर्बल असेल, काळ प्रतिकूल असेल, तर तेच योग्य ठरते. वैद्याने केवळ इतके जाणावयाचे की आपण यांपैकी काय करीत आहो. रुग्णाच्या भाषेतही हाच विवेक दिसतो. कल्याणच्या रुक्मिणीबाई किंवा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात वृद्ध स्त्रिया ‘बरे वाटते’ आणि ‘बरे झाले’ यांत कधी गल्लत करीत नाहीत. ‘थोडा फरक आहे’ म्हणणारी बाई औषध चालू ठेवण्याची तयारीही त्याच वाक्यात दर्शविते. मनाच्या दुखण्यांबाबत तर ठाण्याचा इतिहास विशेष आहे. १९०१ पासून चालत आलेले येथील मनोरुग्णालय आणि १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेली मानसिक आरोग्य संस्था यांच्यामुळे या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबांना मनोव्यथेविषयी उघडपणे बोलण्याचे धैर्य आले. तेथे ‘मन मोकळे झाले’, ‘हलके वाटले’ हे साधे उद्गार ऐकू येतात. दुःखाचे कारण कायम असूनही मनुष्याचे ओझे खरोखर कमी होते. म्हणून दिलासा हे कर्मच क्षुल्लक, असे प्रतिपादन करण्याचा माझा मुळीच उद्देश नाही. ज्या ठिकाणी दिलासाच देणे शक्य आहे तेथे तो मनापासून द्यावा आणि त्यास दिलासाच म्हणावे.

आता ज्या विषयावर या शहरांत सर्वाधिक बोलले जाते त्या प्रवासाकडे येऊ. बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत १६ एप्रिल १८५३ रोजी गाडी धावली, १ मे १८५४ रोजी ती कल्याणास पोचली, आणि तेव्हापासून या भागाचे दैव लोहमार्गाशी जखडले गेले. गर्दी कमी करण्याच्या योजनांस इंग्रजी कागदांत ‘डिकंजेस्ट’, ‘ईझ’ आणि ‘रिलीव्ह’ ही क्रियापदे आलटून पालटून येतात, आणि मराठी पत्रकांत त्या सर्वांचे ‘गर्दीतून सुटका’ असे एकच रूपांतर होते. ठाणे ते दिवा यांमधील पाचव्या व सहाव्या मार्गिकांचे उदाहरण घ्यावे. फेब्रुवारी २०२२ च्या प्रारंभी त्यांच्या जोडणीसाठी ७२ तासांचा महाब्लॉक घेण्यात आला, प्रवाशांनी तो निमूटपणे सोसला, आणि १८ फेब्रुवारी रोजी मार्गिका वाहतुकीस खुल्या झाल्या. त्यांचे मुख्य प्रयोजन लांब पल्ल्याच्या गाड्या लोकल गाड्यांपासून विलग करणे हे होते. परिणामी लोकलचा खोळंबा कमी होण्याचा मार्ग खुला झाला, आणि हे काम निःसंशय मोलाचे होते. परंतु डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी आठ वाजता दुसऱ्या वर्गाच्या डब्याच्या दारात पाय ठेवण्यास जागा शोधणाऱ्या प्रवाशास जे हवे होते ते निराळे होते. त्यास अधिक डबे आणि अधिक फेऱ्या हव्या होत्या. नव्याने आलेल्या फेऱ्यांत बहुसंख्य वातानुकूलित होत्या, व त्यांचे भाडे सर्वांस परवडणारे नव्हते. ‘खोळंबा कमी होईल’ एवढेच वाक्य लिहिले असते तर ते तंतोतंत खरे ठरले असते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्यानजीक वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले, तेव्हा गर्दीतून सुटका अद्याप किती दूर आहे, हे सर्वांस कळून चुकले. त्यानंतर आपोआप मिटणाऱ्या दारांच्या गाड्यांची घोषणा झाली. दारे मिटल्याने पडण्याचा धोका टळेल. गर्दी तेवढीच राहील. ही दारे एका विशिष्ट संकटाचे निवारण करतील आणि दुसऱ्यास हातही लावणार नाहीत, आणि घोषणेची शब्दयोजना अशीच असावयास हवी.

रस्त्यांविषयी हेच म्हणावे लागेल. कल्याणचा जुना पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला गेला आणि नवा २५ जानेवारी २०२१ रोजी खुला झाला. मधल्या काळात कल्याणकरांनी जे सोसले त्यानंतर त्या पुलाने त्या एका ठिकाणची कोंडी फोडली, असे कोणीही कृतज्ञतेने म्हणेल. तथापि कोंडीचा स्वभाव पुढे सरकण्याचा आहे. शीळफाटा, काटई नाका, घोडबंदर रस्ता व गायमुखचा घाट येथे तिचा मुक्काम नित्य बदलत असतो, आणि प्रत्येक नव्या पुलाच्या उद्घाटनास ‘कोंडीमुक्त’ हे विशेषण लागत असते. ‘मुक्त’ हा शब्द आपल्या परंपरेत अत्यंत गंभीर आहे. ज्यातून परत येणे नाही अशा अवस्थेसाठी तो राखलेला होता. खड्डेमुक्त, कोंडीमुक्त, टँकरमुक्त अशा विशेषणांची दर पावसाळ्यागणिक होणारी परवड पाहून मराठी मनास दुःख व्हावे.

याच शहरांतील एक इंग्रजी शब्द मात्र कामगारांनी असा उचलला आहे की त्याचा मूळ अर्थ अबाधित राहिला. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत पाळी बदलण्याच्या वेळी बॉयलरपाशी उभा असलेला कामगार घड्याळाकडे पाहत नाही, फाटकाकडे पाहतो. पुढच्या पाळीचा माणूस आत येऊन दाबमापकावरील आकडा पाहून घेत नाही, नोंदवहीत सही करीत नाही, तोवर आधीच्या माणसास जागा सोडता येत नाही. आणि तो आलाच नाही तर ‘रिलीव्हर नाही, डबल करावी लागेल’ असे म्हणून हा सोळा तास उभा राहतो. येथे ‘रिलीव्ह’ होणे म्हणजे आपले ओझे दुसऱ्या जबाबदार माणसाच्या खांद्यावर प्रत्यक्ष जाणे. ते गेले की गेले, नाही तर नाही. या शब्दाच्या अर्थाशी खेळ केल्यास स्फोट होईल, हे कामगार जाणतो. त्याच वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी भीषण स्फोट झाले, माणसे दगावली, भोवतालच्या घरांच्या काचा फुटल्या. अग्निशमन दलाने दोन्ही वेळी आपले कर्तव्य शर्थीने बजावले. आग विझविणे हे शमन झाले. वस्तीलगतच्या धोकादायक कारखान्यांचे स्थलांतर, त्यांची नियमित तपासणी आणि मधले मोकळे अंतर राखणे हे निवारण होय. पहिले पार पडले म्हणून दुसऱ्याची चर्चा थांबावी, असे होता कामा नये.

शमनावर समाधान न मानणाऱ्या माणसांचे उदाहरणही याच जिल्ह्याने घालून दिले आहे. २३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्यात झरी येथे किसान सभेच्या परिषदेत वारली स्त्रीपुरुष सहस्रावधींनी जमले. पिढ्यान्‌पिढ्या वेठबिगारी आणि लग्नगडीपण (लग्नासाठी काढलेल्या कर्जापायीची गुलामी) यांखाली भरडल्या गेलेल्या त्या समाजास जमीनदारांकडून थोडी सवलत, थोडी दया मागता आली असती. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी तसे केले नाही. वेठ करणारच नाही, असा त्यांनी निश्चय केला. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात त्या लढ्याचे वर्णन आले आहे. पुढे १९७६ मध्ये वेठबिगारी नष्ट करणारा केंद्रीय कायदा झाला, आणि १९८० च्या दशकात श्रमजीवी संघटनेस याच जिल्ह्यात त्या कायद्याची अंमलबजावणी करून घेण्यासाठी झगडावे लागले. कोणते दुःख हलके करून चालते आणि कोणते समूळ उपटावे लागते, याचा निर्णय तेथे भोगणाऱ्यांनी केला. कोकणातील जी कुटुंबे ठाण्या-डोंबिवलीत येऊन स्थिरावली, त्यांच्या गाऱ्हाण्यातही ग्रामदेवतेपाशी संकट दूर करण्याचेच मागणे असते, ते सुसह्य करण्याचे नव्हे. शासनाने वीजग्राहकांच्या मंचास ‘गाऱ्हाणे निवारण’ असे नाव दिले, तेव्हा कळत-नकळत त्याने त्या मागण्याची जबाबदारी शिरावर घेतली, असेच समजले पाहिजे.

या आढाव्यातून माझ्या मते जो निष्कर्ष निघतो तो असा. मराठीस या क्षेत्रात शब्दांचे दारिद्र्य नाही, आणि इंग्रजीचे वर्चस्व हेही अर्थलोपाचे मुख्य कारण नाही; कामगाराने ‘रिलीव्हर’ घेतला आणि अर्थ राखला, कचेरीने ‘निवारण’ वापरले आणि अर्थ गमावला. अर्थ टिकतो तो उत्तरदायित्वाने. तलाठ्याच्या तहकुबीस पुढील वर्षीच्या वसुलीचे बंधन होते, म्हणून तिचा अर्थ ढळला नाही. तेच बंधन आजच्या घोषणेस घालता येण्याजोगे आहे. पालिका, रेल्वे, महावितरण किंवा प्राधिकरण यांचे प्रत्येक जाहीर पत्रक चार गोष्टी सांगण्यास बांधलेले असावे: कोणती अडचण, कोणासाठी, किती प्रमाणात आणि किती काळपर्यंत कमी होणार. या चार गोष्टी लिहावयाच्या ठरल्या की योग्य शब्द आपसूक हाती येतो. मुदत असेल तर स्थगिती, प्रमाण असेल तर सूट, कारण नष्ट होणार असेल तरच निवारण. वृत्तपत्रांनीही मथळा देण्यापूर्वी हाच प्रश्न विचारावा.

हे काम करण्यास ही शहरे सर्वथा योग्य आहेत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून अव्याहत चालू आहे. १९६०, १९८८ आणि २०१० मध्ये ठाण्यात व २०१७ मध्ये डोंबिवलीत साहित्य संमेलने भरली. ज्या नगरांनी ग्रंथ आणि भाषा यांवर इतके प्रेम केले, तेथील शिक्षक, वकील, पत्रकार आणि ग्रंथपाल यांनी एकत्र येऊन या शब्दांची एक लहानशी व्यवहारपोथी सिद्ध करावी, व तिच्यात प्रत्येक शब्दासमोर तो कोणत्या परिस्थितीत वापरावा आणि कोणत्या परिस्थितीत वापरू नये हे नमूद करावे. ती प्रभाग कार्यालयांत, न्यायालयाच्या आवारात आणि वृत्तपत्रांच्या संपादकीय विभागांत ठेवावी. आपल्याला तहकुबी मिळाली की माफी, हे ज्या दिवशी डोंबिवलीचा प्रवासी आणि कल्याणचा करदाता पूर्वीच्या कुणब्याइतक्याच खात्रीने सांगू शकेल, त्या दिवशी त्याला उरलेले मागण्याचाही आधार मिळेल; आणि उरलेले मागता येणे हाच नागरिकत्वाचा खरा अधिकार होय.